नऊ नंबरचा घोट

आधीच सांगते. यात रात्र नाही, पिंपळ नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही.

जे झालं ते भर दुपारी दोन वाजता झालं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि जुन्या हायवेवर ट्रक हॉर्न मारत होते.

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल पुढे जावं. मी वाद घालणार नाही. वाद घालून घालूनच माझ्यावर ही वेळ आलीय.

मी समीक्षा. तळेगावला राहते. या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत सोमाटणे फाट्याजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन होते. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही.

डाएटिशियन म्हटलं की लोक विचारतात, "वजन कमी करायला काय खाऊ?" तर ते माझं काम नव्हतं. माझं काम बरोबर उलटं. जे पेशंट गिळू शकत नाहीत, ज्यांच्या नाकातून पोटात नळी घातलेली असते, त्यांना त्या नळीतून किती, काय आणि कधी द्यायचं हे मी ठरवायचे. त्या पातळ अन्नाला आम्ही फीड म्हणतो.

सोपं वाटतं ना? मग ऐका.

किचनमधून फीड उशिरा येणार. आलं तर पाणी घालून वाढवलेलं येणार. नातेवाईक गुपचूप नळीतून चहा सोडणार. आणि डॉक्टरांना सगळं आठवणार, फक्त पेशंट जेवला का हे सोडून. सहा वर्षं मी याच गोष्टीवरून भांडत होते. सगळ्या हॉस्पिटलला माझा वैताग, आणि मला सगळ्या हॉस्पिटलचा.

आठ नंबरच्या बेडवर भागुबाई होत्या. बेडसे गावच्या. वय पासष्टच्या आसपास. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, गिळणं गेलेलं. पाठीला बेडसोर, म्हणजे पडून पडून झालेली जखम. ती भरायची तर अंगात ताकद हवी.

मोठे डॉक्टर म्हणाले, "नाकातली नळी किती दिवस ठेवणार? सोमवारी पोटातून नळी बसवू, म्हणजे घरी नेता येईल. पण वजन चौतीस किलोच्या खाली गेलं तर मी हात लावणार नाही. टेबलवरच जातील त्या."

त्यांची मुलगी सारिका हे ऐकत उभी होती. सोमाटण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. बिनपगारी रजा टाकून आईजवळ बसली होती.

"मॅडम, तेवढं वजन टिकवा," ती मला म्हणाली. "आईला घरी न्यायचंय. बाकी काय नको."

मी म्हटलं, टिकवते.

आणि वजन रोज घसरत होतं.

सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी दोनशे मिली. सगळं लिहिलेलं, सगळ्यावर सह्या. सारिका शपथेवर सांगायची, डोळ्यांसमोर दिलं. उलटी नाही, जुलाब नाही, ताप नाही, साखर नाही. तरी रोज दोनशे ग्रॅम कमी. गुरुवारी सकाळी काटा चौतीस किलो चारशेवर आला.

माझं डोकं फिरलं.

किचनमध्ये जाऊन मी आचाऱ्याशी भांडले. फीड माझ्यासमोर बनवायला लावलं. सृष्टी सिस्टरला म्हटलं, "खरं सांग, देतेस की नुसतं लिहितेस?" ती बिचारी रडायला लागली. मग मला स्वतःचाच राग आला, आणि म्हणून मी तिच्यावर अजून चिडले.

शेवटी म्हटलं, मरू दे. आजचं दोनचं फीड मी स्वतः देते.

गुरुवार. दुपारचे दोन.

सारिका जेवायला खाली गेली होती. खोलीत पाच बेड, चार पेशंट, चौघी झोपलेल्या. भागुबाईंच्या शेजारचा नऊ नंबरचा बेड रिकामा होता. त्याचं हँडल महिन्याभरापूर्वी तुटलं, दुरुस्तीची चिठ्ठी तशीच पडून होती.

मी भागुबाईंच्या बेडची डोक्याकडची बाजू वर केली. नळी तपासली. दांड्याविना मोठी सिरिंज नळीला जोडली आणि वर धरली. तिच्यात फीड ओतायचं, ते आपलं आपण हळूहळू उतरतं. हाताने ढकलायचं नसतं.

पन्नास मिली ओतलं.

पातळी खाली जाऊ लागली...

आणि घोट घेतल्याचा आवाज आला.

मी भागुबाईंच्या गळ्याकडे पाहिलं. गळा हलला नव्हता. हलणारच नव्हता. त्यांना गिळता येत असतं तर नळी कशाला घातली असती?

पुन्हा आला. घटक्.

डावीकडून. रिकाम्या बेडवरून.

मी हात खाली केला. सिरिंज खाली आली की फीड थांबतं. फीड थांबलं.

आवाजही थांबला.

हात वर केला. पातळी उतरली... घटक्... घटक्... तहानलेलं माणूस तांब्या तोंडाला लावतं तसे, सलग.

मी पळाले नाही. लोक विचारतात, का नाही पळालीस? नळी हातात असताना कोण पळतं? दोनशे मिली संपेपर्यंत मी उभी राहिले. संपल्यावर पाणी सोडलं, नळीचं झाकण लावलं.

मग सिरिंजने पोटातलं थोडं ओढून पाहिलं. नुकतंच दोनशे मिली गेलंय, काहीतरी परत यायलाच हवं.

काही आलं नाही. एक थेंबसुद्धा नाही.

सृष्टीला सांगितलं तर ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाहीये." मनात म्हणत असेल, मघाशी मला रडवत होती, आता हिचं बघा.

वॉर्डातल्या मेहरुनमावशींना मात्र सांगावं लागलं नाही. त्या सोमाटण्याच्याच. बारा वर्षं तिथे पेशंटची उठबस करत होत्या. फरशी पुसता पुसता माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

"ऐकलं ना तुमी पन?"

"काय?"

"नवावरचं. म्या आट दिस ऐकतीय. बोलले न्हाई. माजं कोन ऐकतंय हितं."

"कोण आहे मावशी?"

त्यांनी पोछा बादलीत पिळला.

"भूक हाय कुनाची तरी," एवढंच बोलल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या.

शुक्रवारी वजन चौतीस दोनशे.

दोनच दिवस उरले होते. मी भागुबाईंचा बेड बदलायला सांगितलं. उत्तर आलं, दुसरा बेड मोकळा नाही, सोमवारनंतर बघू. मग घरून डबा नेला. इंद्रायणीचा आसट भात, वरण, वर तूप. आईने विचारलं, कुणासाठी? म्हटलं, पेशंटसाठी. खोटं नव्हतं बहुतेक.

दोनच्या आधी स्टीलच्या ताटात वाढून नऊ नंबरच्या टेबलावर ठेवलं. इतकं शिकलेली मी, आणि रिकाम्या बेडसमोर ताट वाढतेय. पण काटा खाली येत होता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

फीड सुरू केलं.

घटक्.

म्हणजे ताट नको होतं. जे भागुबाईंच्या पोटात चाललं होतं, तेच हवं होतं.

दोनशे मिली संपवून मी वळले... नऊ नंबरच्या टेबलावर ताट नव्हतं.

ते भागुबाईंच्या टेबलावर होतं. भात न विस्कटलेला. वॉर्डात जागं कुणी नव्हतं, आणि सारिका दाराबाहेर फोनवर होती.

मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. मेहरुनमावशी मागोमाग आल्या.

"ताट न्हाई घेनार त्या," त्या म्हणाल्या. "कागदावर जेवून बसल्यात. आता ताट कशाला घेतील? दुसरीच्या नावचं तेवढं मिळतंय त्यांना."

"काय बोलताय मावशी? नीट सांगा."

"परंदवडीच्या कस्तुराबाई. जानेवारीत. इसरलात?"

मी विसरले नव्हते. मी फक्त त्या दिशेला बघत नव्हते.

कस्तुराबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. खुब्याचं हाड मोडलं म्हणून आलेल्या, नऊ नंबरवर. ऑपरेशन म्हणजे आदल्या रात्रीपासून उपाशी. दुपारी कळायचं, आज रद्द. पहिल्या दिवशी साखर वाढली. दुसऱ्या दिवशी हाडात बसवायचं सामान आलं नाही. तिसऱ्या दिवशी भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या केसमध्ये अडकले. ऑपरेशन रद्द झालं की पेशंटचं जेवण नव्याने मागवावं लागतं. वॉर्डला वाटलं किचन पाठवेल, किचनला वाटलं वॉर्ड मागवेल.

आणि नेमका तो आठवडा तपासणीचा होता. बाहेरून माणसं येऊन कागद बघणार होती. मीच सगळ्यांना दम दिला होता. जेवणाच्या तक्त्यात एकही रकाना रिकामा दिसता कामा नये.

दिसला नाही. सगळे भरले. नाश्ता, जेवण, चहा, जेवण. "पूर्ण घेतले." तीन दिवस.

प्रत्येक पानाखाली माझी सही.

"त्या सारख्या म्हनायच्या, मला वाढलं न्हाई," मेहरुनमावशी सांगत होत्या. "म्या सिस्टरला सांगितलं. त्या म्हनल्या, म्हातारीला इसर पडतोय, तू तुजं काम कर. मंग तुमी आलात राउंडला. तुमालाबी म्हनल्या."

हो. मला पण म्हणाल्या होत्या. माझा हात धरून.

"बाई, मला आजून वाढलं न्हाई वं."

आणि मी तक्ता बघितला होता. माणसाकडे नाही, तक्त्याकडे. आणि हसून म्हटलं होतं, "जेवलात की तुम्ही मावशी. हे काय, लिहिलंय इथं."

पेशंट जेवतोय म्हटल्यावर साखर उतरवायचं इन्सुलिनचं इंजेक्शनही तक्त्याप्रमाणे, उपाशी पोटी जात राहिलं. चौथ्या दिवशी पहाटे त्या गेल्या. कागदावर लिहिलं, हृदय बंद पडलं. वय झालं होतं. कुणी काही विचारलं नाही.

मला ते त्याच दिवशी कळलं होतं. पूर्ण नाही, पण कळलं होतं. मी महिनाभर किचनवर ओरडत फिरले ते त्याचसाठी असेल. दुसऱ्यावर ओरडलं की स्वतःचं ऐकू येत नाही.

"मग काय करू?" मी विचारलं.

"तुमाला ठावं हाय," मेहरुनमावशी म्हणाल्या आणि उठून गेल्या.

शनिवारी सकाळी वजन बरोब्बर चौतीस.

मी रेकॉर्डरूममध्ये जाऊन कस्तुराबाईंची फाइल मागितली. पाहिली. माझी सही छान, वळणदार. पेन काढलं. टोपण लावलं. पुन्हा काढलं.

आणि फाइल परत दिली.

हो, दिली. मला नोकरी हवी होती. वडील घरी बसलेले, भाऊ शिकतोय. मी म्हटलं, सोमवारी ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग बघू. माझी मलाच लाज वाटते हे लिहिताना.

दोन वाजता वॉर्डात गेले. आज सारिका जवळच होती. मी सिरिंज वर धरली.

आज आवाज हळू नव्हता. घाईघाईने, मध्ये श्वास घेत. नऊ नंबरच्या उशीत मधोमध खळगा पडला होता. सारिकाने माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम... कोण पितंय?"

मी सिरिंज तशीच वर धरून ठेवली.

तेवढ्यात भागुबाईंचा डावा हात हलला. तो चांगला हात होता, पण आठवडाभरात त्यांनी तो उचलला नव्हता. हात वर आला, नऊ नंबरकडे वळला, आणि तळवा वर करून दोनदा हलला.

त्या कुणाला तरी काहीतरी सांगत होत्या.

सारिका पांढरी पडली. "आई पंगतीत असं करते," ती म्हणाली. "समोरचा लाजत असला की. जेवा, जेवा म्हणते हातानं."

बाईच्या अंगावर हाडं उरलेली. पाठ फाटलेली. आणि ती आपल्या वाटणीचं शेजारणीला आग्रहाने वाढत होती.

मला हुंदका आला. भीतीने नाही. असा संताप आला स्वतःचा की काय सांगू.

फीड संपवलं, आणि तशीच रेकॉर्डरूमला गेले. फाइल घेतली. माझ्या सहीखाली लिहिलं: "वरील तीन दिवस पेशंटला जेवण दिलेले नाही. पेशंटने स्वतः सांगूनही मी तक्त्यावर विसंबून सही केली." नाव, तारीख, वेळ. तीन पानांवर तीनदा.

फाइल घेऊन थेट मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंय?"

"उशिरा कळलं सर."

"घरी जा. सोमवारी बघू."

मी लगेच घरी गेले नाही. चारचं फीड मीच दिलं. सृष्टी शेजारी उभी होती. सिरिंज वर धरली. पातळी उतरत गेली. पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे...

काही नाही. फक्त वरचा पंखा.

सहाच्या आधी सृष्टीने नळीतून ओढून पाहिलं. सिरिंजमध्ये थोडं दूधकट पाणी परत आलं. तिने ते माझ्यासमोर धरलं आणि आम्ही दोघी ते बघत राहिलो. नुसतं दूध बघून कुणाला इतकं बरं वाटलं असेल का, मला माहीत नाही.

सोमवारी मला आत घेतलं नाही. गेटवरच पत्र मिळालं. बाहेर चहाच्या टपरीवर उभी होते तेव्हा सारिकाचा फोन आला.

"मॅडम, चौतीस शंभर. नेलं आईला आत."

शंभर ग्रॅम. घरचे अजून म्हणतात, शंभर ग्रॅमसाठी नोकरी घालवलीस. कसं समजावणार? मी हात टेकलेत.

भागुबाई आता बेडशात आहेत. पोटातल्या नळीतून सारिका फीड देते, मी फोनवर सांगते किती. जखम भरत आलीय. वजन अडतीसच्या वर गेलंय. डाव्या हाताने त्या नातीचे केस विंचरतात. ती गोष्ट चांगली झाली. ती तिथेच संपायला हवी होती.

पण हॉस्पिटलने कस्तुराबाईंच्या घरी काही कळवलं नव्हतं. मार्च उजाडला तरी नाही. दोनदा फोन केला तर म्हणे, वरून उत्तर यायचंय. माझा संयम संपला. एका दुपारी मीच परंदवडीला गेले.

त्यांचा मुलगा ओंकार घरी होता. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा असेल. कंपनीत पहिली पाळी करून नुकताच आलेला. बायको पिंकी माहेरी गेलेली. चहा त्यानेच केला. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नऊ नंबरचंही.

मला वाटलं होतं तो हात उगारेल. निदान शिव्या देईल. मी तयारीने गेले होते.

तो खाली बघत बसला.

"आईनं फोन केलता मला," तो म्हणाला. "शेजारच्या बाईच्या मोबाइलवरनं. म्हनली, वाढत न्हाईत रं. मी सिस्टरला इचारलं. त्या म्हनल्या, जेवल्यात, लिहिलंय. मंग मीच आईला वरडलो. म्हनलं, सारखं काय खायाचं खायाचं लावलंय."

त्याने कपातला चहा बशीत ओतला, पण प्यायला नाही.

मग त्याने मान वर केली.

"मॅडम, एक इचारू? त्या बेडशाच्या मावशींचं जे आईनं घेतलं... त्यानं पोट भरलं आसंल का वं तिचं?"

किती दिवस, किती मिली, सगळं मला तोंडपाठ आहे. माझं शिक्षणच त्याचं. पण याचं उत्तर कुठल्या पुस्तकात नव्हतं. तो माझ्याकडे असा बघत होता की...

"हो," मी म्हटलं. "भरलं."

त्याने मान हलवली. डोळे पुसले.

आणि आतल्या स्वयंपाकघरात, फरशीवर, कुणीतरी रिकामं ताट पुढे सरकवल्याचा आवाज आला.

आम्ही दोघांनीही ऐकलं. घरात तिसरं कुणी नव्हतं.

"मांजर आसंल," ओंकार म्हणाला. पण तो उठला नाही, आणि मीही आत बघायला गेले नाही. पुन्हा एकदा मी न बघताच "पूर्ण घेतले" म्हणून मोकळी झाले होते. चहा तसाच ठेवून मी निघाले.

त्याला पाच महिने झाले. ओंकारचा फोन येतो अधूनमधून. मी अजून एकदाही उचललेला नाही.